टॉवेलाखाली

आमच्या घरात आकडा मोठ्यानं बोलायची पद्धत नव्हती.
आप्पा वडगावच्या बाजारात हेड्या,
त्यांचा सगळा जन्म टॉवेलाखाली गेला.
विकणाऱ्याचा हात, घेणाऱ्याचा हात, मधे आप्पांची बोटं;
एक बोट म्हणजे कधी शंभर, कधी हजार,
ते म्हशीकडं बघून ठरायचं.
वर चेहरा दगडाचा, खाली दलाली.
आई विचारायची, आज किती?
आप्पा बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणायचे, "झालं बरं."
त्या "झालं बरं"वर आम्ही तिघं भावंडं शिकलो.

मी मात्र लिहून काढला.
कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूनं, खडूनं,
साड्या सारल्या की दिसेल असा:
एक लाख. महिन्याला.

कंपनी गोकुळ शिरगावची, माल म्हणजे धार काढायचं मशीन.
पगार अठरा हजार, मशीनमागं दोन हजार पन्नास.
गेल्या महिन्यात अकरा गेली.
चाळीस लागतील.
सहा गोठ्यांत चालवून दाखवलं की एक खपतं,
म्हणजे दोनशे चाळीस गोठे,
रविवार सोडून रोज नऊ
आणि वर एक रेडकू.

नेजदार साहेब आधी एसीकडं बघून हसले,
मग माझ्याकडं बघून.
"मॅडम, वीस धरा. वीस झाली तरी हार घालतो."
इंगवले म्हणाला, "नाद खुळा,"
आणि स्वतःच्या पंधराच्या टार्गेटवर
हळूच डबा ठेवला.

आकडा एकदा लिहिला की तो घरात राहायलाच येतो.
पीठ मळताना शेजारी उभा राहतो,
कागलला निघाले की गाडीवर मागं बसतो,
पेट्रोलचं विचारत नाही.
चौदा तारखेला सहाच गेलेली असतात
तेव्हा कपाटातून खोकतो.

वडणग्यात हौसाक्का जौंदाळ. सहा म्हशी,
चाळीस वर्षं धारा काढून अंगठा
आकड्यासारखा वळलेला.
मी कप लावले, मोटर सुरू केली,
म्हशीनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं,
साहेबांपेक्षा बऱ्या नजरेनं.
हौसाक्कानं दुधाकडं बघितलंच नाही.
"तुला ह्यात किती सुटत्यात गं?"

ट्रेनिंगमध्ये ह्या प्रश्नाची तीन उत्तरं दिली होती.
तिन्ही गिळली. "दोन हजार पन्नास."
"आणि महिन्याला किती पायजेत?"

उघड्यावर, तोंडानं, शेणाच्या वासात
पहिल्यांदा म्हणाले,
"लाख."

म्हशीनं शेपूट हाणलं.
हौसाक्का तिचा वाकडा अंगठा चोळत राहिली.
"मग हितं काय करतीस उभी? जा की.
माझ्या जावंकडं आठ हाईत."

तिनं घेतलं नाही, दिवाळीला बघू म्हणाली.
जावेनंही नाही.
जावेच्या शेजारणीनं घेतलं,
रोख.

महिना सत्तावीसवर संपला.
साहेबांनी हार आणला, मी गाडीच्या हँडलला अडकवला,
बावड्यापर्यंत येताना निम्मी फुलं रस्त्यावर गेली.

आप्पा बाजेवर बसले होते. हल्ली बाजारात जात नाहीत,
तरी टॉवेल खांद्यावर असतोच.
"वैजू, झालं का बरं?"

मी तो टॉवेल ओढला, त्यांच्या हातावर टाकला
आणि खाली त्यांची बोटं धरली.
आधी अख्खा पंजा, मग दोन.
थांबून, तीन.

चेहरा दगडाचा.
बाहेर कुणीतरी पाण्याची मोटर बंद केली.
साड्यांमागचं आप्पांनी कधी वाचलं होतं
की नव्हतंच वाचलं, मला ठाऊक नाही.
त्यांनी माझा हात उलटा केला,
चाचपला, जनावराचे दात बघावेत तसा,
आणि एक बोट दाबलं.
एकच.

कधी शंभर असतं ते, कधी हजार.
आप्पा माझ्याकडं बघत होते.